गुरुवारी अकरा बेचाळीसला

पडद्यावर लिहिलेलं होतं की मी गुरुवारी बोलले.

रुग्णालयाच्या सभागृहात आम्ही साठेक जण बसलो होतो. संस्थेतल्या पासवर्डांना शिस्त कशी लावायची हे समजावून सांगायला विश्वस्तांनी पुण्याहून शौनक नावाचे संगणकतज्ज्ञ बोलावले होते. तिशी ओलांडलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं गोड. नमुन्यादाखल त्यांनी आमच्याच प्रयोगशाळेतला महिन्याभरापूर्वीचा एक दिवस पडद्यावर काढला. कोणी किती वाजता काय केलं याची संगणक आपोआप ठेवतो ती यादी. ओळीमागून ओळ, सगळीकडे माझंच नाव. "स्नेहलता देऊळगावकर मॅडम कोण?" मी हात वर केला. "मॅडम, सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत तुम्ही कामावर आहात. तीनशे बारा नोंदी. झोपता कधी?" सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले, कारण प्रयोगशाळेत सगळे माझ्याच लॉगिनवर काम करतात हे काही गुपित नव्हतं. मग यादी थोडी वर सरकली आणि एका तांबड्या ओळीवर थांबली. गुरुवार, अकरा बेचाळीस. पोटॅशियम सात पूर्णांक दोन. वॉर्डला फोनने कळवले : स्नेहलता देऊळगावकर. हसू एकदम नाही थांबलं. पुढच्या रांगेपासून मागं मागं, पंख्याखालच्या ओल्या फरशीसारखं सुकत गेलं. गेली चौदा वर्षं मी गुरुवारी सकाळच्या अंघोळीपासून संध्याकाळच्या दिव्यापर्यंत बोलत नाही, हे आमच्याकडे फरशी पुसणाऱ्या बाईलाही माहीत आहे. आणि सात पूर्णांक दोन हा आकडा कोणाचा, हेही तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. चांगुणाबाई, सुलतानपूरच्या. उलट्या आणि अशक्तपणा म्हणून दाखल झालेल्या. त्याच दिवशी दुपारी दीड वाजता गेल्या. माणसाच्या रक्तात पोटॅशियम साडेतीन ते पाच असावं. सातच्या वर गेलं की हृदय कोणत्याही क्षणी थांबू शकतं, म्हणून असा आकडा दिसला की हातातलं काम टाकून वॉर्डात फोन करायचा, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम. शौनक यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते पुढं सांगत होते की एका माणसाचा पासवर्ड दहा माणसांनी वापरला की कोणी काय केलं हे देवालाही सांगता येत नाही. भगवंतराव, आमच्या संस्थेचे सचिव, पहिल्या रांगेतून मान वळवून माझ्याकडे पाहत होते. मला भीती वाटली असं नाही म्हणता येणार. पलीकडच्या खोलीतून आपलाच आवाज ऐकू यावा आणि आपण तर इथं गप्प बसलेलो असावं, तसं काहीतरी झालं. मी जीभ टाळूला लावून पाहिली. त्या दिवशी मंगळवार होता, मला बोलता आलं असतं.

मौन मी घेतलं ते ह्यांच्यासाठी. चौदा वर्षांपूर्वी अनंतरावांना कावीळ होऊन ती मेंदूपर्यंत गेली होती. संभाजीनगरच्या दवाखान्यात अकरा दिवस ते कोणाला ओळखत नव्हते. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे, आणि हात सारखे चादरीवर काहीतरी वेचत असायचे. अकराव्या दिवशी गुरुवार होता. मी बाहेरच्या बाकावर बसून म्हटलं, महाराज, हे उठून बसले तर गुरुवारची माझी वाणी तुमची. शुक्रवारी पहाटे ह्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, दूधवाल्याला सांगितलंस का आपण इथं आहोत म्हणून. तेव्हापासून चौदा वर्षांत एक गुरुवार चुकला नाही. सासूबाई गेल्या तो गुरुवार होता, मी मुक्यानं रडले. रोज पोथीचा अध्याय, एकवेळ जेवण, चपलेशिवाय देवळापर्यंत जाणं, हे सगळं मी करते, पण त्याचं मला काही वाटत नाही, ते दात घासण्यासारखं झालंय. गुरुवारचं तसं नव्हतं. गुरुवारी मी एका चिंचोळ्या बांधावरून चालत असे, आणि पलीकडच्या टोकाला हे उभे असत. मनाला असं काही पक्कं बसलं होतं की एक शब्द सांडला की तिकडं ह्यांचा पाय घसरेल. ह्यांना मी हे कधी सांगितलं नाही. ते गुरुवारी मजेनं म्हणायचे, आज घरात शांतता, आज मी राजा.

आणि पासवर्डचं म्हणाल तर त्यातही मी देवच आणून बसवला होता. सहा वर्षांपूर्वी संगणक आले तेव्हा अहवाल तपासून बाहेर सोडायचा अधिकार फक्त माझ्या लॉगिनला दिला, मी प्रमुख तंत्रज्ञ म्हणून. बाकीच्यांची लॉगिनं होती, पण त्यांवरून नुसतं पाहता यायचं. पासवर्ड काय ठेवावा म्हणून मी सहज महाराजांचं एक नाव टाकलं आणि पुढं एक-दोन-तीन. दर तीन महिन्यांनी संगणक नवा मागायचा, मी पुढचं नाव टाकायची. नावांना काय तोटा. कोणी विचारलं, ताई, पासवर्ड काय हो आता, तर मी सांगून टाकायची. लपवायचं मनातही आलं नाही. उलट आतून बरं वाटायचं. दिवसातून शंभर वेळा कोणी ना कोणी ते नाव बोटानं लिहितंय, हर्षल तंबाखू मळलेल्या बोटानं लिहितोय, रात्रपाळीचा माणूस जांभई देत लिहितोय, त्यांना कळो न कळो, नाम तर घडतंय. देवाचं नाव झाकून ठेवायची वस्तू आहे का, असं मी एकदा म्हणालेसुद्धा, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हर्षल म्हणायचा, "ताईचं लॉगिन म्हंजे गावची हीर हाय. कोनीबी या, पानी भरा." हर्षल चार वर्षांपासून आमच्याकडे, ठेक्यावर. हुशार, हात हलका, रक्त काढताना लेकरं रडत नाहीत. डोकं मात्र एका वेळी तीन ठिकाणी. गुरुवारी मी आत आले की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "चूप बसा बे, ताई एरोप्लेन मोडवर हायेत." गुरुवारचे फोन तोच करायचा. तसं ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे कोणी ठरवलं नव्हतं, पहिल्या गुरुवारी मी बोट दाखवलं आणि त्यानं फोन उचलला, तेव्हापासून.

त्या गुरुवारी यंत्राच्या काचेवर तो आकडा मी हर्षलच्या आधी पाहिला. हे मी आता लिहिते आहे, तेव्हा कोणी मला विचारलं नव्हतं. साडेअकरा झाले होते. बाहेर शिबिराची गर्दी, देऊळगावकडून दोन गाड्या भरून माणसं आली होती, खिडकीच्या जाळीला तोंडं लागलेली. गुरुवारी मला वास फार येतात, बोलणं बंद झालं की नाक उघडतं. स्पिरिटचा, ओल्या घोंगडीचा, कोणाच्या तरी पिशवीतल्या मेथीचा. यंत्र टिक टिक करत एकेक आकडा काढत होतं आणि मध्येच सात पूर्णांक दोन. मी टेबलावर दोनदा टकटक केलं. हर्षलनं वळून पाहिलं. मी आकड्याकडं बोट केलं, मग फोनकडं. तो म्हणाला, "हाव ताई, करतो. पन नमुना फुटेल दिसते, पयले एकडाव परत लावून पाह्यतो." नमुना फुटतो म्हणजे नळीतल्या नळीत रक्ताच्या पेशी फुटतात, मग पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं, आणि वरचं पाणी लालसर होतं. मी नळी उचलून उजेडात धरली. वरचं पाणी तुरीच्या डाळीच्या निवळीसारखं पिवळं, नितळ होतं. फुटलेला नव्हता. आकडा खरा होता. मला हे वाक्य म्हणायचं होतं: फुटलेला नाही, फोन कर. ते माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं, जिभेच्या टोकाला त्याचं वजन लागत होतं. मी नळी त्याच्यापुढं धरली. तो खिडकीतल्या माणसाशी बोलत होता, बोलता बोलता त्यानं नळीकडं पाहून मान हलवली. हर्षल सगळ्यालाच मान हलवतो. मी त्या मानेला हो धरलं आणि माझ्या टेबलाशी गेले.

फोन माझ्या हाताच्या अंतरावर होता. पेन खिशाला होतं, कागद होता. वॉर्ड खालच्याच मजल्यावर; नंतर मी मोजलं, पायऱ्या धरून बासष्ट पावलं. चालायला मौन आड येत नाही. मग मी गेले का नाही? दिवसभरात कितीदा तरी मी मनाला हे विचारते, आणि मन दर वेळी वेगळं उत्तर देतं. कधी म्हणतं, तू सांगितलंस की. कधी म्हणतं, चौदा वर्षांत तू न बोलता सगळं होतच आलंय. हे दुसरं जास्त खरं असावं. मी बोट दाखवायची आणि कोणीतरी उठायचं, मी बघायची आणि दार उघडायचं. हळूहळू मला वाटायला लागलं असेल की माझ्या न बोलण्यातच काही ताकद आहे. आणि तिसरं एक उत्तर आहे, ते पहाटे येतं, पूजेची भांडी घासताना. त्या वेळी तोंडातलं वाक्य आणि बाहेरची हवा यांच्या मध्ये हे उभे होते. पिवळ्या डोळ्यांचे. एका बाजूला कोण कुठली बाई, जिचं फक्त नळीच्या चिकटपट्टीवरचं नाव मला माहीत, आणि दुसऱ्या बाजूला हे. असं मी खरंच तोललं का, की नंतर, अपराध कशाला तरी टांगायला खुंटी हवी म्हणून हे माझ्या मनानं ठोकलं, ते मला कळत नाही. दीड वाजता वॉर्डातली नर्स वर आली आणि म्हणाली, ती सुलतानपूरवाली गेली. मी हात जोडले. तिच्या नावानं एकशे आठ वेळा नाम घेतलं, मनात. संध्याकाळी दिवा लावला आणि दिवसातला पहिला शब्द बोलले. ह्यांना विचारलं, चहा टाकू का.

त्यानंतर जवळजवळ महिनाभर मी हर्षलला विचारलं नाही, की बाबा, तू फोन केला होतास ना. रोज त्याच्या शेजारी उभी राहिले, डबा उघडला, त्यानं माझ्या उपवासाच्या भगरीवर नेहमीसारखी थट्टा केली, आणि विचारलं नाही. न विचारायला कोणतंही व्रत लागत नाही.

सभागृहातून बाहेर पडल्यावर तो जिन्याखाली, ऑक्सिजनच्या नळकांड्या ठेवतात तिथं, माझी वाट पाहत उभा होता. चेहरा उतरलेला. म्हणाला, "ताई, मी परत लावला होता नमुना. मदातच शिबिराच्या नमुन्यायच्या पिशव्या आल्या. स्क्रीनवर तो डब्बा येते ना, फोनने कळवले, त्याच्यात टिक मारल्याबिगर म्होरचा नमुनाच घेत नाई ते. मी टिक मारली. म्हटलं टिक मारतो अन् लगेच फोन करतो." मग थांबून, "इसरलो." मी म्हटलं, "दुसऱ्यांदा किती आला?" तो खाली पाहत म्हणाला, "सात तीन." वरून कोणीतरी खुर्च्या ओढत होतं. मग तो एकदम माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी फोनकडं बोट दाखोलं होतं, मले दिसलं होतं. नळीबी दाखोली. मी कोनाले नाई सांगनार. तुमाले काऊन वढू त्याच्यात?" त्याला वाटत होतं तो मला वाचवतोय. मी नळकांड्याला हात लावला, ते गार होतं. मी त्याला म्हणाले, "तुला कोणी सांगू नको म्हटलंय का?" तो म्हणाला, "नाई. मीच म्हनतो." आणि गेला, त्याचे नमुने थांबले होते.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत मोठा देव्हारा आहे, रोज ताजा हार असतो. ते मला नेहमी त्यांच्या बरोबरीच्या खुर्चीवर बसवतात. चांगुणाबाईंचे यजमान उकंडराव यांनी तक्रार दिली होती, अर्ज जिल्ह्याच्या आरोग्य खात्यापर्यंत गेला होता, म्हणून संस्थेनं आपली चौकशी समिती नेमली होती: भगवंतराव स्वतः, एक डॉक्टर, आणि तांत्रिक बाजूसाठी शौनक. "ताई," ते म्हणाले, "तुमी काई घाबरू नका. ज्या दिवशी कळवलं असं लिवेल हाय तो गुरुवार. अन् गुरुवारी तुमी बोलत नाई हे अख्ख्या बुलढान्याले ठाऊक. म्हंजे फोन तुमी केला नाई, टिक तुमी मारली नाई. तुमचं मौनच तुमचा साक्षीदार. याच्याहून चांगला पुरावा कोर्टातबी नसते." मी म्हटलं, "पासवर्ड मीच दिला होता." "ते चूक झाली, समज देऊ. सगळ्याच हापिसात हेच चालू हाय. आता शौनकसाहेब प्रत्येकाले येगळा पासवर्ड अन् आंगठा लावून देऊन राह्यले." मग हाराकडं पाहत म्हणाले, "समिती म्होरच्या गुरुवारीच ठेवली मी. मुद्दाम. तुमाले बोलाचं कामच नाई. निस्ती मान हालवा. डॉक्टरलेबी दिसन, बाईचं मौन काय चीज असते ते." मार्गशीर्षातला गुरुवार होता तो. निघताना त्यांनी मला प्रसादाचा पेढा दिला आणि मी तो घेतला.

त्या आठवड्यात रुग्णालयात सगळे माझ्याशी फार चांगले वागले. स्वयंपाकघरातली बाई म्हणाली, तुमचं व्रत पावलं हो ताई, नाहीतर आज तुम्ही अडकल्या असत्या. लिफ्टपाशी कोणी वाकून नमस्कार केला. मी जिथं जाई तिथं ही गोष्ट माझ्या आधी पोचलेली असे, आणि तिच्यात मी एका काठावर सुखरूप उभी असे. भिंतींवर नवे कागद लागले: पासवर्ड कोणास सांगू नये, देवाचे अथवा घरच्यांचे नाव ठेवू नये, टेबल सोडताना संगणक बंद करावा. मला नवा पासवर्ड घ्यायला बसवलं. शौनक शेजारी उभे राहून म्हणाले, ज्याचा काहीच अर्थ होत नाही असं काहीतरी टाका, मॅडम. मी डोळे मिटून बोटं पडतील तिथं पाडली, सोळा अक्षरं. संगणकानं हिरव्या रंगात लिहिलं, मजबूत. घरी येऊन पोथी उघडली तर ओळी डोळ्यांपुढून जात होत्या, आत येत नव्हत्या. ह्यांना बुधवारी सगळं सांगितलं, आकडा मी आधी पाहिला होता तेवढं एक सोडून. ते स्टुलावर चढून घड्याळाला चावी देत होते, नेहमीसारखे. मी स्टूल धरून उभी होते. म्हणाले, "मग उद्या तुला काही बोलायचंच नाही, बरंच झालं." मी त्यांच्या पोटऱ्या पाहत होते. म्हाताऱ्या, बारीक, निळ्या शिरांच्या. स्टूल मी आणखी घट्ट धरलं.

गुरुवारी अकराला मला आत बोलावलं. टेबलावर माझा जबाब टाइप करून ठेवलेला. सदर दिवशी मी मौनव्रतात असल्याने फोन करणे शक्य नव्हते. माझा पासवर्ड प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांना ज्ञात होता. सदर खूण हर्षल यांनी केली असल्याचे त्यांनी मान्य केले आहे. मी दोनदा वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी खरी वाक्यं अशी शेजारी शेजारी लावली होती की मधल्या फटीतून साडेअकरा ते अकरा बेचाळीस ही बारा मिनिटं सरळ खाली पडून जावीत. भगवंतराव म्हणाले, "ताई, हे बरोबर हाय ना? मान हालवा फक्त." मला घड्याळाची चावी फिरल्याचा आवाज ऐकू येत होता, जो तिथं नव्हता. मी तोंड उघडलं. सकाळपासून न वापरलेला आवाज खरखरीत, पुरुषी निघाला. "मी तो आकडा पाहिला होता. हर्षलच्या आधी. नळी उजेडात धरून पाहिली, नमुना फुटलेला नव्हता. मला कळलं होतं."

डॉक्टरांनी विचारलं, "नक्की फुटलेला नव्हता?" "नव्हता." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. भगवंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खोटं नव्हतं, मी त्यांना वीस वर्षं ओळखते. म्हणाले, "त्या पोरापायी तुमी मौन मोडलं, ताई? चौदा वर्साचं? लय मोठं मन हाय तुमचं. पन हे कागदावर नोका आनू." मी म्हटलं, "पोरापायी नाही. खरं आहे म्हणून." शौनक माझ्याकडं न पाहता, त्यांच्या नेहमीच्या सौम्य आवाजात म्हणाले, "मॅडम, समितीपुढं मुद्दा लॉगिनचा आहे. आणि लॉगमध्ये केल्याची नोंद असते. पाहिल्याची नसते." भगवंतराव म्हणाले, "तेच. तुमचं म्हननं येगळ्या कागदावर घेऊ मागून. आधी ह्याच्यावर सही करा, खात्याचा मानूस थांबला हाय." पेन माझ्या हातात दिलं. मला कोणी नम्रपणे काही सांगितलं की नाही म्हणता येत नाही, जन्माची खोड आहे. मी सही केली. मग विचारलं, "वेगळा कागद?" ते म्हणाले, "हाव, हाव, उद्या." डॉक्टर उठून खिडकीपाशी गेले होते. बाहेरच्या बाकावर हर्षल बसला होता. त्याला आज दुपारपासून येऊ नको म्हणून सांगणार होते, ते त्याला आधीच कळलेलं दिसलं, कारण त्याचा डबा आणि स्वेटर मांडीवर होता. दाराच्या फटीतून त्यानं माझा आवाज ऐकला असावा. म्हणाला, "आज गुरुवार हाय ताई." एवढंच.

उकंडराव फाटकाजवळच्या एसटीच्या थांब्यावर बसले होते. अर्जाचा पोचपावतीचा कागद घ्यायला आले होते, दर आठवड्याला येत. पन्नाशीचे, अंगावर धुवट पांढरा सदरा, पायांत टायरच्या चपला. मला पाहून सरकून बाकावर जागा केली. "बसा बाई. तुमचं आज मौन आसन, नर्सबाईनं सांगतलं मले. बोलू नोका, बसा." थंडी होती, घाटाकडून वारा येत होता. मी बसले. ते समोरच्या रस्त्याकडं पाहत आपल्याशीच बोलल्यासारखं बोलत राहिले. "साडेबारापावतर बोलत व्हती माह्यासंग. कपाशी येचाले बाया सांगून ठेवल्या का म्हने. मी म्हटलं ठेवल्या, खोटंच. कुठं ठेवल्या व्हत्या? मी इथंच तं व्हतो तिच्यापाशी. मंग म्हने, छाती कशी धकधक करून राह्यली. मी म्हटलं तुले सवय हाय भेवाची." ते थोडं हसले. "आता ते म्हनतात पासवर्ड का काय ते, त्याच्यानं गडबड झाली. मले समजत नाई त्यातलं. पासवर्डनं मानूस मरते व्हय, बाई?"

मी म्हटलं, "नाही."

ते दचकले. मी त्यांच्याकडं वळून, जमेल तितकं हळू आणि सोपं करून सांगितलं. की त्यांच्या बाईच्या रक्ताचा आकडा साडेअकराला यंत्रावर आला. तो मी पाहिला. तो आकडा म्हणजे काय ते मला कळलं. त्यावर इंजेक्शन असतं, खाली वॉर्डातच असतं, वेळेवर कळलं तर डॉक्टर देतात, आणि पुष्कळदा माणूस वाचतो. ते ऐकताना त्यांचे ओठ हलत होते, माझे शब्द ते मागोमाग आपल्याशी म्हणून घेत असावेत. मेहकरची गाडी आली. पुढून सुलतानपूरलाही तीच जाते. कंडक्टर खाली उतरून ओरडला, सुलतानपूर, सुलतानपूर. उकंडराव उठले नाहीत.

"साडेअकराले तुमाले कळलं," ते म्हणाले.

"हो."

"साडेबारापावतर ती बोलत व्हती."

"हो."

त्यांनी मान हलवली. गाडीनं दोनदा हॉर्न दिला आणि निघाली. ते माझ्या तोंडाकडं पाहत होते. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, अजून तरी नव्हता. कोणी काही सांगता सांगता मध्येच थांबलं की ऐकणारा जसा पुढचं विचारतो, तसं त्यांनी विचारलं,

"मंग?"